सात नंबरचं दार

सारंगखेड्यात त्या रात्री बोट आली
ग्रामपंचायतीच्या टीव्हीतून, काळीपांढरी, परदेशी.
समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नव्हता,
पण अँटेनाची काठी फिरवली
की त्यावरचं धुकं कमी-जास्त व्हायचं.

दोंडाईच्याला मिरच्यांची देठं खुडून आलेल्या बाया
हात फुंकत मागे बसलेल्या.
बेडसे गुरुजी अंदाजाने सांगत होते :
लढाई चालू आहे. बोटीवर कुणीतरी ठोकतंय.
कुठून, ते त्यांनाच उमगत नाही.

मग लाईट गेली.
पडदा एका ठिपक्याएवढा झाला, मग तोही विझला.
ठोकणं थांबलं नाही.

टण्. टण्. मध्ये जरा दम. टण्.

कंदील आला तेव्हा
उखर्डू भोई टीव्हीच्या पत्र्याच्या पेटीशी उकिडवा,
हातात अडकित्ता, कान पत्र्याला.
"चूप बसा," म्हणाला, "त्या आजून ठोकी राहिनात."

उखर्डू लढाईत बोटीवर कोळसा ओढायचा.
भोयाचा पोरगा, पण परतल्यापासून
तापीत त्याने पाय घातला नव्हता.
काठावर बसायचा तोही पाण्याकडे पाठ करून.

"मीच लाई दिधं दार.
वरथून हुकूम व्हता.
मझार तीन जन व्हतात."
बाजरीचा भाव सांगावा तसं सांगितलं
आणि अडकित्ता चंचीत ठेवला.

पत्र्यातून उत्तर आलं असं मी म्हणणार नाही.
फक्त हिरामण शिपायाने कुलूप घालताना
हात एकदा मागे घेतला.

गोष्टीचा शेवट गावाने पाहिलाच नाही.
पुढच्या आठवड्यात दुसरीच गोष्ट लागली.

आता मी बॅरेजवर असतो.
पावसाळा सरला की दारं खाली सोडायची,
बटण दाबलं की पोलाद खाचेतून कण्हत उतरतं.
सात नंबर शेवटच्या वितीला अडतं, दरवर्षी.
रजिस्टरमध्ये मी लिहितो : गाळ.

पाणी चढतं. साहेबांचा फोन येतो,
बंद झालं का?
झालं, म्हणतो.

टण्. टण्.

तिसऱ्याची वाट बघत नाही मी.
खिशातला पाना काढतो,
रेलिंगवर हळूच, एकदाच वाजवतो.
इतकी वर्षं प्रमाण भाषेत अहवाल लिहिणारा मी
पाण्याकडे वाकून म्हणतो :
मी आठेच शे.