हयातीचा दाखला

लटारीमामा एकूण एकोणचाळीस वेळा मेला.
मोजणी त्याची नाही, माझ्या आईची.
मंडईला टुरिंग टॉकीज यायची तेव्हा ती
पडद्याच्या मागं बसून, उलट्या अक्षरांतून
भावाला ओळखायची. पाठीवरून.

समोरून तो फारसा दिसायचाच नाही.
हवालदार. मुनीम. ट्रकचा क्लीनर.
"साहब, बाहर पुलिस आयी है" म्हणून बाजूला होणारा.
एकदा डॉक्टर, पण तोंडाला फडकं.
बहुतेकदा मध्यंतराआधी गोळी लागून
हीरोला राग यावा, एवढ्यापुरता मेलेला.

पडणं मात्र तो इथंच शिकला होता,
दंडारीत, धानाच्या तणशीवर.
मुंबईत तणीस नव्हती.

परवा त्याला मोटारसायकलवर मूलला नेलं,
कलावंतांच्या मानधनासाठी.
बाबू म्हणाला, पुरावा?
मामानं पिशवीतून फोटो काढले:
एकात कोपर, एकात टोपी,
एकात कुणाच्या तरी बंदुकीमागं अर्धा कान.
पाट्यांमध्ये नाव?
होतं एकदा. एल. कुमार.
पण तुम्ही तर लटारी गुरनुले.
"हो ना बाप्पा. पण मरे तो मीच."

बाबूनं फाइल बंद केली.
मामा उठला,
टेबल आणि कपाट यांच्यामधली जागा
डोळ्यांनी मोजली,
छातीवर हात नेला
आणि गेला.

असा गेला, की सातबाऱ्यासाठी ताटकळलेली बाई
"अगा माय वो!" करून किंचाळली,
शिपाई पाण्याचा जग घेऊन धावला,
बाबू खुर्ची सोडून फरशीवर बसला
आणि अंगठ्यानं नाडी शोधू लागला.
पंखा तेवढा फिरत होता.

मामानं एक डोळा उघडला.
"झाला का पुरावा?"

हयातीचा दाखला लगेच मिळाला, शिक्क्यासकट.
कलावंताचं प्रकरण चंद्रपूरला गेलं.
अजून तिथंच आहे.

परतताना त्यानं बोडीपाशी गाडी थांबवली.
पाळीवर बसला. बिडी नुसती धरली, पेटवली नाही.
मला वाटलं, अपमान लागला असेल;
काही बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो.
पाण्यात एक ढोकरी पाय बदलत उभी होती,
तिच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

मग म्हणाला,
"डावा खांदा आधी टेकाले पाह्यजे होता, लेका.
गुडघा वाजला.
आयकू गेला असन त्यायले."