कोपऱ्यापाशी

सरळ रेघेला लांबीपुरता वेळ.
वळण जितकं आवळलेलं, तितकं संथ.
कोपऱ्याला मात्र एकच ठरीव आकडा.
एवढ्यावर माझं सूत्र
बोट टेकायच्या आधीच सांगतं :
त्रिकोण, एक सेकंद आणि वर थोडं.

ताम्पेरेत नोव्हेंबर. तीनलाच दिवे लागलेले.
तावेत्ती हातमोजे काढतात,
बोटांवर फुंकर घालतात.
"घाई करायची का?"
"नेहमीसारखं काढा," मी म्हणते.

सकाळी विद्यार्थ्यांनी काढले होते
माझ्या आकड्याला चिकटून, भराभर,
कोपरे झिजलेल्या साबणासारखे.

यांचा पहिला कोपरा येतो
आणि बोट थांबतं.
उचलत नाहीत. नुसतं टेकवलेलं.
आलेखाची रेघ आडवी होऊन पडते.
मग वळतात.

चाळीस वर्षं काच कापली, ते सांगतात.
कोपऱ्यावर श्वास पुरता सोडायचा,
नाहीतर तडा
कुठे पळेल याचा नेम नाही.

"ही काच तडकत नाही हो."
"मला माहीत आहे," म्हणतात,
"बोटाला कोण सांगणार?"

नियमाने ही नोंद गाळायला हवी.
हेन्रीक्का दारातूनच विचारते, यंत्र अडकलं होतं का?
तावेत्ती मफलर शोधतायत, खुर्चीखाली पडलाय.

पडद्यावर त्रिकोण,
तिन्ही कोपरे बोचतील असे.
शेजारी वेळ : नऊ सेकंद.
त्यातले सहा
काहीच न काढण्यात गेलेले.