चार पॉइंट आठ

सिल्व्हर मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर
लखवानी म्हणाला, "पाण्यावरचा घ्या, साडेसात हजार."
खिशात एकवीसशे, आणि घरी
चार पॉइंट आठवर चढवलेला प्रोसेसर,
रेंडर लावला की एक्क्याण्णवला टेकणारा.
इंदुरात मे. नुसत्या रस्त्यावरच चव्वेचाळीस.

तांब्याच्या चार नळ्यांचा टॉवर घेतला, सतराशेला.
उरलेल्या चारशेत एक पंखा.
दुसरा त्याने खोक्याच्या तळातून काढून दिला,
काळा, जुना, फुकट.
"दिवे हवे असतील तर तीनशे वेगळे."

बाबांनी आयुष्यभर खोल्यांचे कूलर दुरुस्त केले.
शेवटचा स्क्रू आवळण्याआधी
त्यांनी उदबत्ती पेटवून कॅबिनेटपुढे धरली.
धूर आत शिरला, घुटमळला,
पुन्हा पुढूनच बाहेर आला.
"दोघंही आत ढकलताहेत," बाबा म्हणाले,
"मग निघायचं कुणी?"

मागचा पंखा उलटा केला.

एक्क्याऐंशी. त्याखाली उतरेना.
हवाच तापलेली, पंखा तरी काय करणार.
चार पॉइंट आठचे सहा केले मुकाट्याने,
तेव्हा कुठे चौऱ्याहत्तर.

रात्री दोनला रेंडर संपतो.
खोलीत अजून चंदनाचा वास.
बाबांच्या उशाशी त्यांचा कूलर कोरडाच फिरतोय,
आणि ते झोपेतच विचारतात,
"किती?"