रुंद बाजू

कॉलेजच्या मैदानावर खुणांच्या दोन ओळींत
चाळीस फुटांचं अंतर असतं.
इथे, पगारी मैदानावर, साडेअठरा.
कोच ऑरिन ट्वेट यांना ते पाठ होतं,
तरी पहिल्या दिवशी टेप घेऊन आले,
गुडघे टेकून स्वतः मोजलं,
आणि टेप गुंडाळताना कुणाशी बोलले नाहीत.

मी सेंटर. पायांमधून चेंडू मागे द्यायचा, एवढंच माझं काम.
कॅन्ससमध्ये त्यांच्यासाठी चार वर्षं दिला,
इथे राखीव म्हणून, बहुतेक बाकावरून.

तिकडे चेंडू डाव्या खुणेवर ठेवला की
उजवीकडे कापणी झालेल्या गव्हाच्या शेताएवढं मोकळं.
आम्ही म्हणायचो, रुंद बाजू.
घोळका करून कुजबुज नाही, दम खाणं नाही,
कडेला चित्रांच्या पाट्या: बदक, ट्रॅक्टर, मिशीवाला न्हावी.
बदक म्हणजे पळा.
ट्रॅक्टर म्हणजे केन्यनने बघायचं.

काय बघायचं?
समोरच्या फळीतला टोकाचा पोरगा.
त्याला आम्ही अडवायचोच नाही, मुद्दाम मोकळा सोडायचो.
तो आत घुसला तर चेंडू केन्यनने ठेवायचा,
बाहेर थांबला तर धावणाऱ्याच्या पोटात कोंबायचा.
एकोणीस वर्षांचं पोर,
सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर, स्टँडमध्ये आई.
ते अर्धा सेकंद अडखळायचं.
त्या अर्ध्या सेकंदावर कोचनी घर बांधलं:
एका शनिवारी बासष्ट गुण, पुढच्या शनिवारी सत्तर,
आणि मग एरी सरोवराच्या काठावरून आलेला फोन.

इथे टोकाला सोलोमोना फाआलोगो उभा होता.
वय चौतीस, तीन मुली,
दोनदा उघडून शिवलेला गुडघा.
आम्ही त्याला मोकळा सोडला.
तो अडखळला नाही.
चेंडू कुणाकडे गेला हे बघायच्या भानगडीत न पडता
त्याने केन्यनला आडवा केला,
मग हात देऊन उठवला. म्हणाला,
"दे नाही तर ठेव, पोरा. मी दर वेळी तुझ्याकडेच येणार."

वेगाचंही तेच.
तीन फसलेले डाव आम्ही चाळीस सेकंदांत उरकायचो,
आणि आमचेच बचाववाले, तोंडातलं पाणी गिळायच्या आत,
पुन्हा मैदानात.
आमचा लुडविन, डावा टॅकल, पाट्यांकडे बघून म्हणाला,
"दोन घरांचे हप्ते भरतो मी. बदकाचं ऐकू?"
आम्ही हसलो. कोचही हसले, जरा उशिरा.

चौदा सामने, तीन विजय.
डिसेंबरात सरोवरावरून आडवा बर्फ येत होता.
खोक्यात शिट्टी, कॉफीचा मग,
पाट्या मावेनात म्हणून काखेत.
जाताना माझ्या हातात एक कागदी रुमाल दिला:
टोकाचा गडी मोकळा दिसू दे,
तो निघाला की फळीमागून आडवा एक जण पाठव, त्याच्या बरगडीत.
"हे सप्टेंबरात सुचायला हवं होतं," म्हणाले.

लोक मला विचारतात, ती विद्या इथे चालते का.
मी काय सांगणार?
मी खेळ पाहिला तो वाकून, पायांमधून, उलटा.

पुढच्या हंगामात माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
टीव्हीवर दुसराच संघ, दुसराच कोच, पिकल्या केसांचा, जुन्या वळणाचा.
तिसरी खेप, दोन यार्ड हवेत.
फाआलोगो मोकळा. फाआलोगो निघाला.
फळीमागून आडवं कुणीतरी आलं.
समालोचकाने त्या डावाला कोचच्याच गावाचं नाव दिलं,
पिकल्या केसांच्या कोचच्या.

मी फोन लावला.
ट्वेट आता सलायनाजवळच्या एका शाळेत
सकाळी मोटार चालवायला शिकवतात, दुपारी पोरांचा संघ.
सांगितलं. बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"एकदाच?"
"तीनदा."
मागे कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी धडपडलं.
"शाळेच्या मैदानावर किती असतं, ठाऊक आहे?" ते म्हणाले,
"त्रेपन्न फूट, चार इंच.
परवाच मोजलं."