शून्य, तीनदा

रुस्तावीत, कारखान्यांच्या मागे, नदीच्या जरा वर
मुर्मानमामाचं आवार आहे.
पिंपंच पिंपं. निळी, गंजकी, एक पोपटी,
ज्याच्यावरची कवटी कुणीतरी खरवडून काढलीय.

सप्टेंबर लागला की माणसं फाटकाशी येतात.
द्राक्षं उतरायची असतात, चोथा ठेवायला काहीतरी हवं असतं,
नाहीतर उभं कापून दोन शेगड्या.
रिकामंच तर आहे, म्हणतात,
आणि बोटांनी वाजवून दाखवतात.
मामा बोलत नाही. उजवा हात पुढे करतो.
त्याला तीन बोटं आहेत.

भरलेलं पिंप गुमान असतं, तो म्हणाला होता
पहिल्या दिवशी, माझ्या मापाचे हातमोजे शोधताना.
भरलेल्यात वाफेला जागाच कुठे?
तळाशी वाटीभर उरतं ना, त्याला भ्यायचं.
ते उन्हात बसून विचार करतं.

म्हणून मी बूच अर्धाच आटा फिरवते आणि थांबते,
सुस्कारा संपेपर्यंत तोंड दुसरीकडे.
तारेचा चिमटा लावते, दुसरं टोक जमिनीत.
उरलंसुरलं वेगळ्या टाकीत, धुवणही तिथेच.
नदीला यातलं काही सांगायचं नाही.
मग वाफारा, तासन्‌तास.
वास गेला तरी विश्वास नाही ठेवायचा:
नाक हा फितूर साक्षीदार, सवय झाली की उलटतो.
मीटरची नळी तळापर्यंत सोडायची.
शून्य.
चहा घ्यायचा, आवाराच्या पार त्या टोकाला.
शून्य.
पुन्हा एकदा, कंटाळा आला तरी. शून्य.
वहीत लिहायचं, नाव घालायचं: नाझिब्रोला.
आणि मग बुडाला भोक, म्हणजे कुणी पाणी भरणार नाही.

मामाचे वडील काखेतीत रांजण धुवायचे,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले, वाइनचे,
माणूस उभा मावेल एवढे.
आधी दोरीने मेणबत्ती आत. विझली तर उतरायचं नाही.
उतरलं की चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासत
गात राहायचं.
वरचे ऐकत बसायचे. सूर अडखळला की ओढा.
दोराला मामा असायचा, सात-आठ वर्षांचा.

म्हणून असेल. बत्तिसाव्या वर्षी,
पिंपात काय उरलंय बघायला त्याने काडी ओढली.
एका पोकळीचं शहाणपण दुसरीला लावलं.
रांजणात ज्योत विझली की कळतं.
इथे कळून घ्यायला नुगझार उरला नाही,
तो मामाच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

काल फाटकाशी आलेला पोरगा नुगझारचा.
ते पोपटी पिंप हवं होतं त्याला, शेगडीसाठी.
तिसरं शून्य लिहून झालं होतं.
मी मामाकडे बघितलं.
शून्य म्हणजे स्फोट होणार नाही, तो म्हणाला,
त्यावर मांस भाजून खावं असं नाही.
पहार घेतली, बुडाला भोक पाडलं,
आणि पोराला बाजारात नेऊन नवीकोरी शेगडी घेऊन दिली.
नोटा मोजायला त्याला वेळ लागतो.
पोरगा दुसरीकडे बघत उभा राहिला.

आज दुपारी वाफारा चालू होता, मी गुणगुणत होते,
असंच, बिनशब्दांचं.
मध्येच शिंक आली, थांबले.
कार्यालयातून खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि दारात मामा,
हातात दोर धरल्यासारखी मूठ.