एकोणीसचा पाना

नुसरेतकाका खाली येत नाहीत.
मार्चपासून त्यांची फुफ्फुसं पायऱ्या मोजतात,
म्हणून ते तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून बोलतात
आणि हायराकाकू दोरीनं टोपली सोडतात.

पहिल्या फेरीत आला एकोणीसचा पाना.
दुसऱ्या फेरीत तांब्याचा वायसर,
कागदाच्या पुडीत, उपटून घरी दिलेल्या दातासारखा.

गोल्फ एकोणनव्वदची, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी.
काकान्यच्या बेकरीतल्या रात्रपाळ्या साठवून घेतली.
विकणारा म्हणाला होता,
"डिझेल आहे, पोरी. तेल देत जा. बाकी ती काही मागत नाही."
कुठून द्यायचं, किती, आधीचं कसं काढायचं,
हे विचारेपर्यंत तो बसमध्ये चढला होता.

"आधी दहा मिनिटं चालू ठेव. थंड तेल आळशी असतं."
चालू केली. झेनित्साची ही अख्खी इमारत थरथरली.
दुसऱ्या मजल्यावरच्या शेफिकानं वाळत घातलेल्या चादरी ओढल्या
आणि माझ्यासकट माझ्या आईचाही उद्धार केला.

पुढची चाकं रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर,
मागच्या चाकांना दगड,
माझ्या पाठीखाली फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा.
त्यावर बाण, आणि छापलेलं: ही बाजू वर.

"डावीकडे फिरव!"
कुणाच्या डावीकडे? माझ्या, गाडीच्या, की तुमच्या?
वर बराच वेळ खोकला.
मग: "घड्याळाकडे बघतेस असं समज. काटे उलटे."
मनातल्या मनात नटावर घड्याळ टांगलं,
बाराला हात घातला, नऊकडे ओढलं.
काही नाही.
पाय चाकाला लावून पुन्हा ओढलं.
कर्र

"सुटला!" वरून, माझ्याआधी.
एकतीस वर्षं त्यांनी पोलादाच्या भट्टीवर क्रेन चालवली.
म्हणे धुरात खालचं कधी दिसायचंच नाही.

मग ते आलं.
हळूहळू येईल असं मला का वाटलं होतं?
काळं, कढत, मनगटावरून थेट कोपरापर्यंत,
आणि नट माझ्या बोटांतून डुबुक्कन पातेल्यात.
पातेलं आईचं. दर सप्टेंबरला त्यात
लाल मिरच्या घोटल्या जातात.
तिला अजून सांगितलेलं नाही.

फिल्टर हटून बसला होता.
टोपली तिसऱ्यांदा आली: पॉलिश पेपरचा तुकडा,
आणि कुणी मागितली नव्हती अशी कॉफी.
पेपर गुंडाळून पिळला तेव्हा हलला.
"जुनं रबर वरच राहिलंय का? बोटानं बघ, डोळ्यानं नाही."
राहिलं होतं.
नखानं सोलून काढलं. काढलं नसतं तर
नवं तेल वाटेतच रस्त्यानं पिऊन टाकलं असतं.

नट धुतला, नवा वायसर, घट्ट.
"किती घट्ट?"
"मुलाच्या बुटाची नाडी बांधतेस तितकी."
मला मूल नाही. पण कळलं.

साडेचार लिटर ओतलं.
नरसाळ्यातून उतरताना उन्हात ते मधासारखं होतं,
मला बघवतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

एक मिनिट चालू, पाच मिनिटं बंद.
मापाची पट्टी उपसून फडक्यावर पुसली.
काळं.
पुन्हा बुडवली. काळं.
दुपार, कोपर, पातेलं, सगळं पाण्यात.
"काका, काहीतरी चुकलं. जुनंच आहे सगळं."

"फडकं वर पाठव."

मी ते टोपलीत ठेवलं. दोरी वर गेली,
शेफिकाच्या चादरींच्या कडेकडेनं.
त्यांनी फडकं दोन बोटांत चोळलं,
नाकाशी धरलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"नवं आहे," म्हणाले. "डिझेल अशीच.
आत जे उरलेलं असतं ना, ते हे लगेच उचलतं.
काळं झालं म्हणजे कामाला लागलं."

टोपली खाली आली.
पाना परत मागितला त्यांनी, कॉफीचा पेलाही.
फडकं मात्र आलं नाही.
मी गाडी स्लीपरांवरून उतरवली तेव्हाही
ते बाल्कनीत बसले होते, नाकाशी धरून.