बोटीचं नाव

अंबय्या मेरगूनं समुद्र कधी पाहिला नाही.
साखर पेठेत, खड्ड्यातल्या मागावर
त्यानं बोटीचं नाव विणलं,
टॉवेलच्या काठाला, निळ्या सुतात,
सहाशे वेळा.
इंग्रजी येत नव्हतं.
मागून अक्षरं उलटी दिसायची,
त्याला ती तशीच पाठ.

लढाई लागली.
मुकादम म्हणाला, नाव काढ,
बोट आता करडी झालीय,
जाताना उभी माणसं नेते,
आणताना आडवी.
नुसता नंबर घाल.

निळी कांडी फळीवर तशीच राहिली.
पुढं तह झाला म्हणे.
ऑर्डर काही आली नाही.
बोट कुठं मोडली, कोण कळवणार?

एक टॉवेल आहे घरात,
शेवटचं अक्षर चुकलेला, परत आलेला.
त्यानं मी मागाचं तेल पुसतो.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा होतो.
म्हातारा मान वर करतो,
म्हणतो,
सुटली.